वीस हजारांचं एक कार्ड

वीतभर लांबीच्या एका कागदावर वीस हजार जीव चिकटवलेले असतात. ऊस, कापूस, भात पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना हा कागद ट्रायकोकार्ड या नावाने माहीत आहे. त्यावर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची काळी अंडी दाट पसरलेली दिसतात. अंडी एका पतंगाची, पण त्यांतून पतंग बाहेर येत नाही. येते ती गांधीलमाशी. ट्रायकोग्रामा तिचं नाव, लांबी साधारण अर्धा मिलिमीटर, डोळे लालभडक. कार्डाच्या पट्ट्या फाडून पानांच्या खालच्या बाजूला टाचल्या की एक-दोन दिवसांत त्या काळ्या अंड्यांना बारीक गोल भोकं पडतात आणि वीस हजारांची ही फौज एकरभर रानात पांगते. फौज म्हटलं खरं, पण यातल्या कुणाला कुणाचा हुकूम नाही. राणी नसते, पोळं नसतं, कामकरी नसतात. प्रत्येक मादी एकटी निघते, एकटी शोधते आणि आठवडाभरात एकटीच मरते.

गांधीलमाशी म्हटल्यावर आपल्याला वळचणीचं पोळं आणि सुजलेला हात आठवतो. पण शास्त्रज्ञांनी नावं दिलेल्या गांधीलमाश्यांच्या जाती एक लाखाहून अधिक आहेत आणि त्यांतल्या वसाहत करून राहणाऱ्या जाती हजाराच्या आसपास. म्हणजे शंभरातली एखादीच पोळं बांधते, बाकीच्या एकट्या. खिडकीच्या कोपऱ्यात चिखलाचं मडकं घडवणारी कुंभारीण एकटीच असते. या एकट्यांमधला सगळ्यात बारीक पसारा दोन कुळांचा आहे: ट्रायकोग्रामॅटिडी आणि मायमॅरिडी. दुसऱ्या किड्याच्या अंड्याला भोक पाडून आत आपलं अंडं घालायचं, हाच दोघींचा संसार. अळीने त्या अंड्यातला बलक खायचा, तिथेच कोषात जायचं, तिथेच पंख फुटायचे. जन्मभराची शिदोरी एका परक्या अंड्याएवढी, त्यामुळे शरीरही तेवढंच.

ते किती लहान होऊ शकतं, याची नोंद अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात झाली. एडवर्ड मॉकफर्ड यांनी १९९७ साली तिथल्या एका मायमॅरिड माशीचं वर्णन केलं. डायकोपोमॉर्फा एक्मेप्टेरिजिस हे तिचं नाव तिच्यापेक्षा फार लांब आहे. झाडाच्या सालीवर राहणाऱ्या बारीक किड्यांच्या अंड्यांत ती वाढते. तिचा सर्वांत लहान नर भरला ०.१३९ मिलिमीटर. एका मिलिमीटरच्या अंतरात असे सात नर एकामागे एक उभे राहतील आणि तरी थोडी जागा उरेल. आजवर माहीत असलेला हा सर्वांत लहान प्रौढ कीटक. त्याला पंख नाहीत, डोळे नाहीत, तोंडही नाही. मादीशी मीलन होईपर्यंत टिकायचं एवढंच त्याच्या वाट्याला आलेलं आहे. उडणाऱ्या कीटकांमध्ये विक्रम आहे किकिकी हुना या हवाई बेटांवरून प्रथम वर्णन झालेल्या माशीचा. ती ०.१५८ मिलिमीटर.

आता दुसरं टोक घ्या. टॅरंटुला कोळ्याला लुळा करून बिळात ओढत नेणारी अमेरिकेतली पेप्सिस माशी पाच सेंटीमीटरपर्यंत वाढते. तीही एकटीच राहणारी गांधीलमाशी. मॉकफर्ड यांच्या नराच्या ती ३६० पट लांब, आणि ३६०चा घन काढला तर आकारमानाचा फरक साडेचार कोटी पटींच्याही वर जातो. एकाच जातकुळीतल्या दोन प्राण्यांमध्ये एवढं अंतर!

शरीर आखडलं की मेंदूही आखडतो, आणि इथे मला या माश्यांबद्दलचा सर्वांत विलक्षण आकडा सांगायचा आहे. मॉस्को विद्यापीठातल्या अलेक्सी पोलिलोव्ह यांनी २०१२ साली मेगाफ्राग्मा या वंशातल्या माशीची मज्जासंस्था मोजून प्रसिद्ध केली. मेगाफ्राग्मा फुलकिड्यांच्या अंड्यांत वाढते, लांबी ०.२ मिलिमीटरच्या आसपास. शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला पॅरामेशियम साधारण एवढाच असतो, आणि तो अख्खा जीव म्हणजे एकच पेशी. तेवढ्याच जागेत मेगाफ्राग्माने सहा पाय, चार पंख, संयुक्त डोळे, आतडं, स्नायू आणि मेंदू बसवलेला आहे. तिच्या मज्जासंस्थेत पेशी आहेत ७,४०० च्या आसपास. घरमाशीत त्या ३ लाख ४० हजार, मधमाशीत साडेआठ लाखांच्या वर. आपल्या मेंदूत ८,६०० कोटी. भागाकार केला तर आपल्या एका मेंदूत १ कोटी १६ लाख मेगाफ्राग्मांचं भांडवल आहे.

पण खरी गोष्ट पुढे आहे. माशी कोषात असते तेव्हा या ७,४०० पेशींपैकी जवळजवळ प्रत्येकीत केंद्रक असतं, म्हणजे पेशीचा सगळा कारभार जिथून चालतो ती डीएनएची कोठी. बाहेर पडायची वेळ जवळ आली की ९५ टक्क्यांहून जास्त पेशींमधलं केंद्रक नाहीसं होतं. पूर्ण वाढलेल्या माशीत उरतात ती ३३९ ते ३७२ केंद्रकं, मेंदू आणि बाकीची मज्जासंस्था मिळून. इतर सगळ्या पेशी कोठीशिवाय काम करतात. केंद्रक नसल्यावर नवी प्रथिनं बनवण्याचे आदेश निघत नाहीत, झीज भरून येत नाही. कोषात असताना जे घडवून ठेवलं त्याच्यावरच पुढचे दिवस काढायचे, आणि ते दिवस साधारण पाच. या पाच दिवसांत ती उडते, जोडीदार शोधते, पानाच्या गरात रुतवलेलं फुलकिड्याचं अंडं हुडकून काढते, त्यात आपलं अंडं घालते. तिच्या एका डोळ्यात भिंगं असतात २९. तेवढ्या ठिपक्यांत तिचं सगळं जग मावतं. आकार घटला म्हणून यातलं एकही काम घटलेलं नाही, आणि माझ्या दृष्टीने तिचं खरं मोठेपण त्यात आहे.

उडणं हेसुद्धा एवढ्या शरीराला सोपं नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या जिवाला हवा घट्ट लागते. तिच्यावर तरंगत जाण्यापेक्षा तिच्यातून वाट काढावी लागते. म्हणून यांतल्या सर्वांत बारीक माश्यांचे पंख पातळ पडद्यासारखे रुंद राहिलेले नाहीत. मधोमध एक अरुंद पातं आणि कडेने लांब केसांची झालर. केसांमधली फट इतकी कमी की तिथून हवा सहज जात नाही, त्यामुळे झालरच पडद्याचं काम करते आणि वजन वाचतं. तोर्केल वाइस-फो यांनी १९७३ साली पांढऱ्या माशीच्या पिल्लांवर जगणाऱ्या एन्कार्सिया या अशाच एका चिमुकल्या परोपजीवी माशीच्या उड्डाणाचा उलगडा केला. तिचं वजन एका मिलिग्रॅमचा चाळिसावा भाग, म्हणजे ग्रॅमभर वजनात ४० हजार माश्या. सेकंदाला ४०० वेळा ती पंख हलवते, आणि प्रत्येक वेळी दोन्ही पंख पाठीवर टाळीसारखे मिटून मग पुढच्या कडेपासून फाकवत उघडते. त्या फटीत हवा धावते, भोवरा तयार होतो आणि माशी उचलली जाते. विमानाच्या पंखाचं गणित इथे पुरत नव्हतं; हे नवं गणित या माशीने शिकवलं.

काही जणींनी तर हवाही सोडली. १८६२ सालच्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये जॉन लबक यांना तळ्याच्या पाण्यात पंख मारत पोहणारी मायमॅरिड माशी दिसली. ती पाणभुंगेऱ्यांची अंडी शोधायला बुडी मारते आणि पंधरा दिवसांपर्यंत पाण्याखाली राहू शकते.

ट्रायकोग्रामाकडे परत येऊ, कारण तिचा आपल्या शेतीशी रोजचा संबंध आहे. मादी पतंगाच्या अंड्यावर चढते ते क्षण भिंगाखाली पाहण्यासारखे असतात. आधी ती मिशांनी टकटक करत अंड्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालत जाते. पुन्हा वळते, पुन्हा चालते. मग थांबून पोटाचं टोक खाली वाकवते आणि अंड्याच्या कवचाला सुईने भोक पाडते. पहिली फेरी ही तिची मोजणी असते. कॅनडातल्या जोनाथन श्मिट आणि जे. जे. बी. स्मिथ यांनी १९८७ साली दाखवून दिलं की अंडं ओलांडायला किती वेळ लागला यावरून मादी अंड्याचा आकार ठरवते आणि त्या मापाने आत किती अंडी घालायची ते ठरवते. लहान अंड्यात एक-दोन. मोठ्या पतंगाच्या थोराड अंड्यात दहापेक्षाही जास्त. जास्त घातली तर अळ्या उपाशी राहून खुरटतात, कमी घातली तर अन्न वाया जातं. एका ठिपक्याएवढ्या प्राण्याकडे घड्याळ आहे आणि त्या घड्याळावर तो पोरांची संख्या बेततो, हे मी कितीही वेळा वाचलं तरी जुनं होत नाही.

मुलगा की मुलगी हेही तीच ठरवते. फलित अंड्यातून मादी, अफलित अंड्यातून नर. एकाच अंड्यात वाढलेली भावंडं बाहेर पडताच एकमेकांशी जोडी जमवतात, त्यामुळे बऱ्याच बहिणींना एक भाऊ पुरतो आणि नर थोडेच घातले जातात. काही ट्रायकोग्रामांच्या वंशात तर नर मुळीच नव्हते; माद्याच माद्या जन्माला येत. १९९० साली रिचर्ड स्टाउथॅमर आणि सहकाऱ्यांनी त्यांना प्रतिजैविकं खाऊ घातली आणि नर जन्मू लागले. माद्यांच्या पेशींमध्ये राहणारा वोल्बॅकिया नावाचा जिवाणू नर होऊ देत नव्हता. अर्ध्या मिलिमीटरच्या माशीतही भाडेकरू असतो आणि तो घरच्यांचं लिंग बदलू शकतो.

एवढीशी माशी अंड्यापर्यंत पोचते कशी? स्वतःच्या बळावर ती रानात काही मीटरच फिरते. कार्डाच्या पट्ट्या शेतभर विखरून लावायच्या त्या यासाठीच. युरोपातल्या ट्रायकोग्रामा ब्रासिकीने दुसरा मार्ग काढला आहे. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराचा नर मीलनानंतर मादीला असा वास लावून जातो की दुसरे नर तिच्या वाटेला जात नाहीत. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली दाखवलं की ही माशी नेमका तोच वास हुंगते, त्या मादीच्या अंगावर चढते आणि तिच्याबरोबर उडत कोबीच्या पानावर उतरते. फुलपाखराने अंडी घातली की हिचं काम सुरू.

हे सगळं डोळ्यासमोर ठेवून ट्रायकोकार्ड पाहावं. ते ज्या प्रयोगशाळांत तयार होतं त्या साखर कारखान्यांकडे आहेत, कृषी विद्यापीठांत आणि कृषी विज्ञान केंद्रांत आहेत. तिथे ज्वारीच्या भरड्यावर तांदळाचा पतंग वाढवतात. भरड्यात थोडा शेंगदाण्याचा कूट, यीस्ट. पतंगांची अंडी गोळा करून चाळतात, अतिनील किरणांखाली धरतात म्हणजे आतला गर्भ मरतो आणि अंडं ताजंच राहतं. मग डिंक लावलेल्या कार्डावर ती पसरतात आणि बरणीत ट्रायकोग्रामाच्या माद्या सोडतात. तीन-चार दिवसांत अंडी काळी पडतात. काळं पडलेलं अंडं म्हणजे आत माशी आहे याची खूण. आठ-दहा दिवसांत ती बाहेर येते. या व्यवसायात अंडी नगावर मोजत नाहीत, सीसीवर मोजतात. एका सीसीत साधारण १८ हजार.

उसाच्या खोडकिडीसाठी हेक्टरी ५० हजार माश्या सोडण्याची शिफारस आहे, म्हणजे एकरी वीस हजार, एक कार्ड. एकरात चौरस मीटर असतात ४,०४७. प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला पाचच माश्या येतात. ऐकायला फार कमी वाटतं. पण एक मादी पन्नासच्या आसपास अंडी घालते, आणि तिने भोक पाडलेल्या प्रत्येक अंड्यातली अळी जन्माला येण्याआधीच संपते. उसाच्या पोंग्याला एकही चावा बसत नाही. औषध अळीला मारतं, पण तोवर ती खोडात शिरलेली असते. ही माशी त्याच्या आधीच्या दिवशी पोचते, आणि अंड्यात मावण्याएवढी लहान आहे म्हणूनच पोचू शकते.

हिशेब आणखी पुढे नेऊ. महाराष्ट्रातला ऊस १२ लाख हेक्टर धरला आणि सगळीकडे एकदाच कार्ड लावायचं ठरवलं, तर माश्या लागतील ६,००० कोटी. पृथ्वीवरच्या माणसांच्या सातपटीहून जास्त. पण अंड्यांच्या मापात हे सगळं भरतं सुमारे ३,३०० लिटर. उन्हाळ्यात गावाला पाणी द्यायला येणाऱ्या टँकरमध्ये राज्यातल्या सगळ्या उसाची राखण मावेल आणि वर जागा उरेल.

कागदावर या माश्यांची वाढ त्याहून डोळे फिरवणारी आहे. एका मादीला तीस मुली झाल्या आणि दर दहा दिवसांनी नवी पिढी आली, तर साठ दिवसांत सहाव्या पिढीत ७२ कोटी ९० लाख माद्या. शेतात हे घडत नाही. मुंग्या काळी अंडी पळवतात, पाऊस पट्टी धुऊन नेतो, ऊन तापतं, ताजं अंडं वेळेवर सापडत नाही. म्हणून ट्रायकोग्रामा पुन्हा पुन्हा सोडावी लागते. मात्र परिस्थिती जुळली तर यातली एखादी माशी काय करू शकते, ते ताहितीने पाहिलं आहे. अमेरिकेतला एक मोठा तुडतुडा १९९९ साली प्रशांत महासागरातल्या त्या बेटावर पोचला. तो झाडांच्या खोडातला पाण्यासारखा रस दिवसाला स्वतःच्या वजनाच्या शंभरपट आणि त्याहूनही जास्त पितो आणि जवळजवळ सगळा थेंबाथेंबाने बाहेर टाकतो. त्याची संख्या इतकी वाढली की झाडाखाली उभं राहिलं तर अंगावर पाऊस पडायचा. २००५ साली मे ते ऑक्टोबरमध्ये बेटावर २७ ठिकाणी गोनॅटोसेरस ॲशमीडाय ही त्याच्या अंड्यांत वाढणारी मायमॅरिड माशी सोडण्यात आली. एकूण माश्या जेमतेम १४ हजार, आपल्या एका ट्रायकोकार्डावर असतात त्याहून कमी. बेट १,००० चौरस किलोमीटरहून मोठं. सात महिन्यांत तुडतुड्यांची संख्या ९५ टक्क्यांहून जास्त घटली.

आपल्याकडच्या कापसाची गोष्ट इतकी सरळ नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातला कापूस पोखरला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. गुलाबी बोंडअळीच्या अंड्यांसाठी ट्रायकोग्रामाची चुलत बहीण ट्रायकोग्रामाटॉइडिया बॅक्ट्री एकरी ६० हजार, म्हणजे तीन कार्डं, सोडायची शिफारस आहे. चौरस मीटरला पंधरा माश्या. त्या सोडायला मास्क लागत नाही, हातमोजे लागत नाहीत आणि कार्ड टाचणाऱ्या बाईच्या फुफ्फुसात काही जात नाही. मला हे पटवून सांगावंसं वाटतं, आणि ते सांगताना अडचणीही लपवायच्या नाहीत. कार्ड लावलं आणि दुसऱ्या दिवशी जहाल औषध फवारलं तर कार्डाचे पैसे आणि माश्या दोन्ही गेले. कार्ड भर दुपारच्या उन्हात, पानाच्या वरच्या बाजूला टाचलं तरी तेच. सकाळी किंवा संध्याकाळी लावायचं, आधी-नंतर काही दिवस पंप बाजूला ठेवायचा, एवढं पाळावं लागतं.

सर्वांत अवघड आहे ते वेळ गाठणं. पतंगाचं अंडं तीन ते पाच दिवसांत फुटतं आणि ट्रायकोग्रामाला त्यातलंही ताजं, पहिल्या-दुसऱ्या दिवसाचं अंडं लागतं. तिचं स्वतःचं आयुष्य आठवड्याचं. या दोन लहान मुदती जुळायला हव्यात, म्हणून कामगंध सापळ्यांत पतंग दिसू लागले की लगेच कार्ड हातात असावं लागतं आणि पुढे दर आठ-दहा दिवसांनी नवं. दुकानातल्या बाटलीसारखं ते वर्षभर फळीवर थांबत नाही; थंड जागी ठेवलं तरी काही दिवसच टिकतं. त्यामागे आठ दिवस माशीचे आणि त्याआधी साधारण चाळीस दिवस तांदळाच्या पतंगाचे. जुलैत लावायच्या कार्डासाठी ज्वारीचा भरडा मे महिन्यातच डब्यांत भरावा लागतो.